गिटारच्या पाठीवरची सही

ब्रश खाली ठेव, येफेर्सन. नाव उद्या लिही, चांगल्या उजेडात. गिटार झकास घासली आहेस, रंगही बरा बसलाय, पण आज रात्री नाव नको. का नको ते सांगतो, बस इकडे चुलीपाशी. मारिसोल, तू दार ओढून घे गं, हिव पडायला लागलंय. भाजलेला मका घ्या मुठीमुठी आणि मध्येच काही विचारू नका, माझा धागा सुटतो.

ही ऐकीव गोष्ट नाही. अबिलिओ कान्चान्या माझ्या चांगल्या ओळखीचा. बाहेर माझी गाडी उभी आहे ना, तिला रंग त्यानेच दिलाय. सकाळी मागच्या बाजूला खाली उजव्या कोपऱ्यात बघा, निळ्या अक्षरांत 'रंगकाम: अबिलिओ' असं लिहिलंय आणि शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढलीय. अख्ख्या सिकाया गावात त्याच्यासारखा पत्रा ठोकणारा आणि रंग मारणारा दुसरा नव्हता, आणि सहीचं एवढं वेडही दुसऱ्या कुणाला नव्हतं. बापाच्या थडग्यावरचा क्रूस रंगवला, तर त्यावर बापाचं नाव बोटभर आणि याची सही वीतभर! पाद्री चिडला. हा म्हणाला, "फादर, मरायला काय, कुणालाही जमतं. असा रंग मारायला कुणाला जमतो सांगा." जित्याची खोड, दुसरं काय.

तर झालं असं की मे महिन्यातल्या एका रविवारी अबिलिओ वान्कायोच्या बाजारात गेला, स्प्रे गनचं नोझल आणायला. जुन्या सामानाच्या ओळीत एक म्हातारी गोणपाट पसरून बसली होती. त्यावर एक इस्त्री, फुटका मिक्सर, बाहुलीचं मुंडकं, आणि एक इलेक्ट्रिक गिटार. पूर्वी लिमाकडे फर्निचरच्या उरल्यासुरल्या लाकडातून असल्या स्वस्तातल्या गिटारी काढायचे, त्यातली. वर हिरवा ऑइलपेंट ब्रशने फासलेला, तारा दोनच उरलेल्या, खुंट्या गंजून लाल झालेल्या, आवाजाच्या बटणाच्या जागी रेडिओचं बटण.

"ने बाबा ही," म्हातारी म्हणाली. "घरात असली की जमीन ओली राहते."

म्हातारीला चळ लागलाय असं अबिलिओला वाटलं. त्याने नोझलही घेतलं आणि गिटारही घेतली.

त्याला गिटार कशाला हवी होती, तेच तर सगळं दुखणं आहे. बापाने आधी गिटार शिकवली ती यालाच, थोरला म्हणून. वर्षानुवर्षं शिकवली. पण बोटं वळली नाहीत. धाकटा नील्तोन कोपऱ्यात नुसता बघत बसायचा, आणि एक दिवस त्याने गिटार उचलली आणि वाजवायला लागला. झालं. तेव्हापासून त्या घरात गिटारवाला एकच. जत्रा त्याची, टाळ्या त्याच्या, पुढचं घर त्याचं. बायको देलिया, तीही त्याचीच. अबिलिओ मागच्या शेडमध्ये, थिनरच्या वासात. वर नील्तोनची जीभ म्हणजे नुसता वस्तरा. त्या वर्षीच्या कार्निव्हलमध्ये स्टेजवरून माईक हातात घेऊन म्हणतो कसा, "आमचा दादाही गिटारवाला आहे बरं का मंडळी! त्याच्या हातात गिटार द्या... दोन कोट मारून उन्हात सुकत घालील!"

चौक हसून हसून लोळला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण गरम काढा विकणारी फाउस्ता हसली, तोंडावर हात धरून हसली, ते अबिलिओच्या फार जिव्हारी लागलं. त्या बाईसाठी तो रोज दोनदा काढा प्यायचा. पोट बिघडलं तरी प्यायचा.

शेडमध्ये आल्यावर त्याने गिटारचे स्क्रू काढून दुधाच्या रिकाम्या डब्यात टाकले. मान वेगळी केली, वायरी सोडवल्या, खुंट्या रॉकेलमध्ये भिजत घातल्या. मग खरवडायला घेतलं. हिरव्याखाली लाल निघाला, लालाखाली पिवळा. आणि पिवळ्याखाली पांढऱ्या ठळक अक्षरांत एक नाव. माक्सिमो.

अबिलिओच्या हातातली पट्टी थांबली. माक्सिमो तुम्हाला ठाऊक नसेल, तुमच्या आईबापांना विचारा. मान्तारो नदीच्या काठाने असा हात पुन्हा झाला नाही. तो वाजवायला लागला की भांडणं थांबायची. आणि तो मेला कसा? शेताच्या पाटात, घोटाभर पाण्यात, दारूचा थेंबही न घेता. लोक तेव्हाच म्हणाले होते की झऱ्यातलीने आपलं नेलं.

झऱ्यातली, पाण्यात राहणारी ती बाई, कोण ते तुम्हाला सांगायला नको. वाद्य तिच्यापाशी रात्रभर ठेवायचं, कोकाची पानं आणि उसाची दारू ठेवायची, पाठ फिरवायची आणि मागे बघायचं नाही. पहाटे वाद्य सुरात लागलेलं असतं आणि त्याचबरोबर बोटांत तिची करामत येते. पण वाद्यावर नाव लागतं. बिननावाच्या वाद्याला ती शिवत नाही. कारण बोटांची किंमत ती पुढेमागे वसूल करते, आणि नाव ज्याचं त्याच्याकडून करते. माक्सिमोला सवड मिळाली होती. सगळ्यांना मिळतेच असं नाही.

हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण अबिलिओ त्या रात्री शेडमध्ये बसून वेगळाच हिशेब करत होता. गिटार घेऊन जाणार मी. वाजवणार मी. बोटं माझी. नाव मात्र...

समजलात ना? सख्खा भाऊ हो! मला आजही हे सांगताना तोंड कडू होतं.

आणि काम कसं केलं म्हणता? देवाचं काम करावं तसं केलं. माक्सिमोचं नाव पॉलिशपेपरने घासून घासून पार लाकडात जिरवलं. भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, पुन्हा भरली. प्रायमर मारला. त्यावर गाडीचा काळा लॅकर, एकेक कोट, मध्ये पुरतं सुकू देऊन, बोटाचं नख दिसेल इतका आरसा केला. वायरी नव्याने जोडल्या, तारा नव्या घातल्या. आणि शेवटी पुढच्या बाजूला, जत्रेच्या पोस्टरवर असतात तसल्या झगझगीत गुलाबी अन् पोपटी अक्षरांत लिहिलं, नील्तोन. अंधारातही पेटलेलं दिसावं असं.

नेमका त्याच वेळी नील्तोन सूपचा वाडगा घेऊन शेडमध्ये आला. देलियाने पाठवलं होतं.

"हे काय दादा? माझं नाव?"

"तुझ्यासाठीच करतोय."

नील्तोनने वाडगा खाली ठेवला आणि वाकून एकेक अक्षर बघितलं.  मग म्हणाला, "आणि मी तुला सगळ्यांसमोर... जाऊ दे. अक्षरं ढब्बी झालीत हं, पण चालतील. देशील कधी?"

"सान हुआनला. सणाच्या दिवशी."

"दादा, तू लेका वेडा आहेस," असं म्हणून नील्तोनने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गेला. अबिलिओने ते सूप सगळं प्यायलं, वाडगा चाटून पुसून. हे त्याने स्वतः मला सांगितलंय.

मग त्याने गिटार पालथी केली. पाठ एकदा नीट बघून घेतली. शीळ वाजवत बारीक ब्रश निळ्या डब्यात बुडवला, आणि खाली उजव्या कोपऱ्यात... शेपटीसकट. पंचवीस वर्षांचा हात होता तो. काम संपलं की आपणहून कोपऱ्याकडे जायचा. त्याने ब्रश थिनरमध्ये टाकला, दिवा मालवला आणि झोपला. आपण काय केलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तेवीस जून, शुक्रवार. सान हुआनच्या आदली रात्र. गावात शेकोट्या पेटल्या होत्या. चंद्र कोवळा, लवकर मावळलेला. अबिलिओने गिटार घोंगडीत गुंडाळली आणि ओर्कोतुनाच्या रस्त्याने निघाला. वाटेत मीच भेटलो, गाडी घेऊन परत येत होतो. विचारलं, कुठे रे एवढ्या थंडीत? म्हणाला, "गिऱ्हाइकाचं काम पोचवायला." मी पुढे गेलो.

नीलगिरीच्या झाडांची रांग संपते तिथून झरा खाली आहे. त्याने गिटार दगडावर उभी केली, नाव पाण्याकडे करून. पानं ठेवली, दारू ओतली. पाठ फिरवली. चालायला लागला.

मागे पाणी वाजत होतं.

मग वाजायचं थांबलं.

झरा कधी थांबतो का रे? पण थांबला. आणि त्या शांततेत एक तार वाजली. बारीक. विजेशिवाय वाजते तशी, कोरडी. मग दुसरी. कुणीतरी खुंटी पिळत होतं... सावकाश... त्याला कान झाकायचे होते, हात उचलेनात. आणि मग आणखी एक आवाज. ओल्या बोटाने काचेवर घासावं तसा. बराच वेळ. घासणं चालू होतं... थांबत होतं... पुन्हा चालू.

हा आवाज आपल्या ओळखीचा आहे, असं त्याला वाटलं. तो पळाला.

पहाटे अंधारातच परत जाऊन त्याने चाचपडत गिटार उचलली, घोंगडीत गुंडाळली आणि डोळे मिटल्यासारखाच घरी आला. घोंगडी उघडली ती थेट दुपारी, चौकात, स्टेजच्या मागे, नजर गर्दीकडे ठेवूनच.

आता त्या दुपारचं काय सांगू तुम्हाला? नील्तोनचा बँड वाजवून दमला होता, मंडळी पेल्याकडे वळली होती. अबिलिओ स्टेजवर चढला. कुणीतरी ओरडलं, "कोट मारतोस का रे?" लोक हसले. त्याने वायर खोचली आणि पहिला सूर काढला. हसणं तिथेच मेलं. पोरांनो, मी साठ वर्षं गाणं-बजावणं ऐकतोय. माझ्या हातातला पेला कलंडला ते मला कळलं नाही. बायका रडत होत्या. फाउस्ताची किटली उतू जात होती आणि ती त्याच्याकडे बघत उभी होती. आणि अबिलिओ लोकांकडे बघत होता, आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून. गिटारकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. बोटं बघण्याची आता गरजच नव्हती ना!

संपल्यावर नील्तोन पुढे आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो गिटारवाला, त्याला कळायला कितीसा वेळ लागणार.

"रात्री कुठे नेली होतीस रे, दादा?"

अबिलिओ अजून लोकांकडेच बघत होता.

"माझं नाव लिहिलं होतंस ना हिच्यावर?"

"...लिहिलंय की. तुझ्या मानासाठी."

"कुठाय?"

अबिलिओने मान खाली घातली. काळा लॅकर. स्वच्छ, आरशासारखा. गुलाबी नाही, पोपटी नाही, एक ओरखडा नाही. पॉलिशपेपरने घासून जिरवावं तसं नाव गेलेलं. त्याच्या स्वतःच्या हाताने गेलं असतं, तर इतक्याच सफाईने गेलं असतं.

नील्तोनने गिटार त्याच्या हातून घेतली. उलटी केली. पाठीवर, खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हसला... मला ते हसू अजून आवडत नाही.

"तुझं मात्र आहे," तो म्हणाला, आणि गिटार हळूच, तान्हं मूल द्यावं तशी, भावाच्या हातात दिली. "जप. पुसू नकोस."

त्या संध्याकाळी अबिलिओने काय नाही केलं! सही खरवडली, ती लाकडात आणखी आत दिसायला लागली. वरून काळा मारला, रंग फाटून बाजूला सरकला, तेलकट ताटावरून पाणी सरकतं तसा. नील्तोनचं नाव पुन्हा लिहायला गेला. पहिलं अक्षर पुरं व्हायच्या आत ओघळून जमिनीवर. पुन्हा लिहिलं. पुन्हा ओघळलं. मग त्याने शेजाऱ्याचं नाव लिहून पाहिलं. मग पाद्र्याचं. मग... फाउस्ताचं.

हो. तिचंही.

रात्री माझं दार वाजलं. हा उभा. हातात गिटार, दुसऱ्या हातात ब्रश. सगळं सांगितलं त्याने, इथेच, चुलीपाशी, तू बसली आहेस त्या जागी, मारिसोल. बोलता बोलता सारखा पाय उचलत होता. म्हणाला, "काका, तुमच्या घरात जमीन ओली आहे का हो?" नव्हती. मग माझ्याकडे असा बघत राहिला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, तुमचं आता वय झालं. काकी गेल्या. तुमच्या मागे-पुढे कोण आहे? तुमचं नाव... लिहू का? तुम्ही नुसतं हो म्हणा. कदाचित हो म्हटलं तर राहील."

मी त्याला बाहेर काढलं आणि दाराला आडणा घातला. घालणारच. तुम्ही काय केलं असतंत?

बराच वेळ तो दारापाशी उभा होता. मला आवाज येत होता. ओल्या बोटाने घासल्यासारखा. मग तो निघून गेला. सकाळी पाहिलं, दाराच्या फळीवर काही नव्हतं. 

पुढचं नील्तोनने सांगितलं, नंतर. मध्यरात्र उलटली होती. इतकं हिव की अंगणातला नळ गोठलेला, बादलीवर बर्फाचा पापुद्रा. शेडमधून हाक आली.

"नील्तोन..."

देलिया उठून बसली. म्हणाली, "अहो, भाऊजी बोलावतायत."

"नील्तोन... पाणी आलंय रे आत..."

नील्तोन उठला. देलियाला वाटलं, दाराकडे जातोय. तो स्वतःच्या गिटारकडे गेला. स्पीकर चालू केला. आवाज पुरा वाढवला. आणि वाजवत बसला.

मध्ये एकदा थांबला. कानोसा घेतला.

"...नील्..."

पुन्हा वाजवायला लागला. उजाडेपर्यंत.

सकाळी देलियाने शेड उघडली. अबिलिओ स्टुलावर बसलेला. कपडे कोरडे. जमीन कोरडी, धूळ होती तशी. गिटार टेबलावर, काळी, दोन्ही बाजूंनी कोरी. दवाखान्यातला डॉक्टर आला, त्याने छाती दाबली. तोंडातून पाणी आलं. येतच राहिलं. त्यात झऱ्याकाठचा हिरवा पाला होता. ओठ निळे, नखं निळी, चेहरा निळा, आणि कुठेही डाग नाही, ओघळ नाही, सगळीकडे सारखा निळा. डॉक्टर कागदावर काय लिहायचं ते न सुचून बाहेर जाऊन उभा राहिला.

अंघोळ घालायला आम्ही दोघंच होतो. मी आणि नील्तोन.  मी डोक्याकडे, तो पायाकडे. त्याचा हात एकदम थांबला.

"काका..."

उजवा पाय. टाच. अगदी खाली, कोपऱ्यात.

बारीक ब्रशची निळी अक्षरं. अबिलिओचंच वळण. 'रंगकाम:' असं लिहिलेलं, आणि त्याच्यापुढे नाव नव्हतं. एक नाव मावेल एवढी जागा सोडली होती, आणि जागेच्या शेवटी ती लांब शेपटी.

नील्तोनने बोट लावलं. बोट निळं झालं. रंग ओला होता.

गरम पाण्याने पुसलं. साबणाने पुसलं. मग नील्तोन थिनर घेऊन आला. फडकं निळं झालं, टाच होती तशीच. शेवटी मी म्हटलं, राहू दे आता, लोक बाहेर थांबलेत. त्याने भावाच्या पायात मोजा चढवला, जाड, पांढरा लोकरीचा.

आम्ही पेटीचं झाकण आणायला वळलो. परत आलो तेव्हा मोज्यावर तीच निळी अक्षरं उमटली होती, नावाची जागा तशीच रिकामी.